टोचणीचा जमाखर्च



संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांचा उत्तरेतील कारभार अशा भारदस्त विषयांची ज्या व्यासपीठाला सवय आहे, त्यावर उभे राहून फ्लूच्या लशीविषयी बोलावयाचे, हे ऐकून व्याख्यानमालेच्या चालकमंडळींपैकी एकदोघांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्या गृहस्थांनी या जयपूर शहरात आयुष्यभर वैद्यकीचा व्यवसाय केला, आणि औषधाचा गुण सांगताना त्याचा उपद्रव दडवून ठेवणे ही रोग्याची फसवणूक होय असे ते म्हणत, हे त्यांच्या परिचितांकडून मी ऐकले असल्यामुळे, विषय अगदीच अस्थानी ठरणार नाही अशी माझी समजूत आहे. मी स्वतः वैद्य नव्हे. जुनी दप्तरे चाळण्यात हयात घालविलेला माणूस आहे. तेव्हा माझे बोलणे नाडीपरीक्षेचे नसून जमाखर्चाचे राहील: पहिल्यांदा ही लस टोचून घेणाऱ्याच्या खाती जमेस काय पडते, खर्ची काय पडते, आणि तो खर्च त्याला आगाऊ सांगितला की न सांगितला यावरून पुढे काय काय घडत आले. जयपुरात मराठी माणसाने जमाखर्चाची भाषा काढली की येथल्या जुन्या घराण्यांना चौथाई आणि खंडणी आठवावी, हे साहजिक आहे; पण आज आपण येथे बँका, रेल्वे आणि विमाकचेऱ्या यांच्या नोकऱ्यांनिमित्त आलेले लोक आहोत, तेव्हा ते भय नसावे.

इन्फ्लुएन्झाची गणना आपण सर्दीपडशात करतो. सुंठीचा काढा घेऊन, पांघरूण ओढून पडून राहिले की चारपाच दिवसांत माणूस उठून कामाला लागतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत तेवढ्याने भागतेही. पण बहुतेकांच्या बाबतीत जे खरे ते सर्वांच्या बाबतीत खरे नसते, हे आपल्या आजेपणज्यांच्या पिढीने फार महाग किंमत देऊन जाणले होते. १९१८ च्या जूनमध्ये महायुद्धावरून परतणाऱ्या जहाजांबरोबर ही साथ मुंबई बंदरात उतरली, काही आठवडे दबली, आणि पावसाळा सरता सरता अशा उग्र रूपाने उलटली की ६ ऑक्टोबर रोजी एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. महाराष्ट्राच्या खेड्यांत तिला मानमोडी म्हणत. हिंदुस्थानात तिने किती माणसे नेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ हे आपल्या शिरगणतीच्या इतिहासातील असे एकच दशक की ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, आणि आज ज्याला आपण राजस्थान म्हणतो त्या प्रदेशात ती घट शेकडा सहाहून अधिक होती. गंगाकाठी डलमऊ येथे हिंदी कवी निराला यांनी आपली तरुण पत्नी आणि घरातली कितीतरी माणसे याच साथीत गमावली.

ही झाली शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट, असे कोणी म्हणेल. तर २००९ च्या ऑगस्टात स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात पडला, आणि नायडू रुग्णालयासमोर तोंडाला रुमाल बांधलेल्या लोकांच्या रांगा लागल्या. २०१५ साली तोच विषाणू पुन्हा उसळला तेव्हा देशभरात ४२,५९२ रुग्ण आणि २,९९० मृत्यू नोंदले गेले. गुजराताप्रमाणेच आपले हे राजस्थान त्या वर्षी सर्वाधिक पोळलेल्या प्रांतांपैकी होते, आणि राज्याचे गृहमंत्रीही त्यातून सुटले नाहीत. सवाई मानसिंह रुग्णालयाच्या आवारात त्या फेब्रुवारीत जे कोणी गेले असतील, त्यांना इन्फ्लुएन्झा म्हणजे पडसे नव्हे हे पटवून देण्याची आवश्यकता नाही.

आता लशीकडे वळू. टोचून घेण्याचा प्रकार आपल्याला नवा नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर देवीची लस टोचण्यात आली, ही या देशातील पहिली यशस्वी देवीची लस. ती लस कुपीतून आली नव्हती. बगदाद, बसरा असा प्रवास करीत, एका दंडावर उठलेल्या फोडातील द्रव दुसऱ्या दंडावर टोचीत, जिवंत माणसांच्या साखळीने ती मुंबईस पोचली होती, आणि ॲनाच्या दंडातून ती पुढे इतर मुलांच्या दंडांत गेली. दंडाला सूज येणे, फोड पिकणे, ताप भरणे हे त्या काळी उपद्रव नव्हतेच. तो लस लागू पडल्याचा पुरावा मानला जाई, आणि फोड न आल्यास टोचणारा पुन्हा येई. वेदना ही लशीची पावती समजण्याची ती रीत आज आपण विसरलो आहोत, आणि काही अंशी ते बरेही झाले.

जयपूर संस्थानात टोचणीचे हे काम चालविणाऱ्यांत टॉमस हॉल्बिन हेंडली हे नाव येते. अल्बर्ट हॉलच्या संग्रहालयाशी त्यांचे नाव जोडलेले आपण ऐकतो, परंतु ते पेशाने रेसिडेन्सी सर्जन होते, संस्थानच्या दवाखान्यांची देखरेख त्यांच्याकडे होती, आणि या नगरीच्या हवापाण्याचा व रोगराईचा वृत्तांत त्यांनी १८९५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्या काळातील येथल्या आयांचा भरवसा मात्र देवीच्या रोगापासून राखणाऱ्या चाकसूच्या शीतलामातेवर अधिक असे. आजही होळीनंतरच्या अष्टमीस (येथल्या पंचांगाने चैत्रात, आपल्या पंचांगाने फाल्गुन वद्यात) शील की डूंगरीवर जत्रा भरते, घरोघरी चूल पेटत नाही, आणि आदल्या दिवशी रांधलेली राबडी व पुए गारच खाऊन बास्योडा साजरा होतो. या श्रद्धेची टर उडविण्याचा मोह सुशिक्षितांना होतो. मला तो होत नाही. मुलाला परक्या माणसाच्या सुईपुढे धरण्यापूर्वी आई ज्या कोणा शक्तीकडे जामीन मागते, तिची मागणी मुळात रास्त आहे: काही विपरीत घडले तर जबाबदार कोण?

या प्रश्नाला मुंबईत ज्याने स्वतःचा दंड पुढे करून उत्तर दिले, तो वाल्देमार हाफकिन. प्लेगने शहर ओस पडू लागले असताना ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी, इतर कोणाला देण्यापूर्वी, तिची पुढे ठरलेल्या प्रमाणाहून मोठी मात्रा स्वतःस टोचून घेतली. त्यास ताप चढला, टोचल्या जागी ठणका लागला, आणि हे सर्व त्याने लपविले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात जे बंदी आपखुशीने पुढे आले त्यांना लस देण्यात आली, न घेतलेल्यांशी त्यांची तुलना झाली, आणि मगच ती शहरात गेली. त्याच वर्षी पुण्यात मात्र प्लेगचा बंदोबस्त हुकमाने, सोजिरांकरवी घरे तपासून आणि स्त्रीपुरुषांची झडती घेऊन चालला होता. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग-अधिकारी रँडवर झालेल्या गोळीबारात कसा झाला, हे मराठी श्रोत्यांना मी सांगावयास नको. एकच रोग, एकच साल, आणि लोकांशी वागण्याच्या दोन तऱ्हा.

परंतु हाफकिनच्या खात्यावरही पुढे एक भयंकर रक्कम खर्ची पडली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली, आणि त्यांतील ज्या १९ जणांना एका विशिष्ट बाटलीतील लस मिळाली होती ते सर्व धनुर्वाताने दगावले. हाफकिनला कामावरून दूर करण्यात आले, चौकशी बसली, आणि बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली की गावी उघडताना, हा वाद वर्षानुवर्षे चालला. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हे पुराव्यात आले. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या वृत्तपत्रात हाफकिनची बाजू उचलून धरली. आणि १९०७ साली हाफकिन दोषमुक्त ठरला. त्याच्या परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्याचे नाव देण्यात आले. या प्रकरणाचे मला वाटणारे महत्त्व निराळे आहे. कोणत्या बाटलीतून कोणाला टोचले याची नोंद गावागणिक ठेवलेली होती, म्हणूनच १९ जणांचा मृत्यू एका बाटलीपर्यंत नेता आला आणि बाकीच्यांच्या लशीवरचा संशय फिटला. खर्चाची बाजू लिहिण्यास जो कचरतो त्याची जमेची बाजूही कोणी मानत नाही, हा हिशेबनिसाचा नियम येथे अक्षरशः लागू पडला.

इन्फ्लुएन्झाची लस यानंतर पुष्कळ उशिरा आली. विषाणूच मुळी १९३३ साली लंडनमध्ये, फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकातून, हाती लागला. कोंबडीच्या अंड्यात तो वाढविण्याची युक्ती साधल्यावर, त्यास रसायनाने मारून केलेली लस दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन सैनिकांना मिळू लागली. आणि १९४७ मध्ये ती अकस्मात निरुपयोगी ठरली, कारण विषाणूने तोवर रूप पालटले होते. त्या अपयशातून शहाणपण असे निघाले की हा शत्रू दरसाल नव्या वेषात येतो, तेव्हा त्याच्यावर जगभर पाळत ठेवली पाहिजे. त्यानुसार १९५२ पासून जागतिक आरोग्य संघटनेची प्रयोगशाळांची साखळी काम करते आहे. त्याच वर्षी पुण्यात स्थापन झालेली संस्था, जिला आज आपण राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखतो, तीही या साखळीत आहे. आणि वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, पुढील मोसमाच्या लशीत कोणते वाण घालावेत हे ठरते. म्हणून ही लस दरवर्षी घ्यावी लागते. जुळणी चांगली साधली त्या वर्षीही दवाखाना गाठावयास लावणाऱ्या आजाराचा धोका ती शेकडा चाळीस ते साठ इतकाच कमी करते, हेही येथेच सांगून टाकतो. जो कोणी याहून अधिक कबूल करील त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

मी स्वतः ही लस प्रथम घेतली ती टोंक रोडवरील एका लहानशा दवाखान्यात, वय बरेच झाल्यावर आणि मुलाने भ्रमणध्वनीवरून पुष्कळ कटकट केल्यावर. परिचारिकेने शीतकपाटातून भरलेली पिचकारी काढली, खोक्यावरील मुदतीची तारीख मला वाचावयास लावली, अंड्याची किंवा औषधाची कधी मोठी ॲलर्जी झाली होती का, आज ताप आहे का, पूर्वी कधी अंगातले बळ एकाएकी गेले होते का, असे तीनचार प्रश्न केले, आणि “अंकल, हाथ ढीला छोडिए” म्हणत माझ्या सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सरकविली. सुई गेल्याचे समजले, इतकेच. नंतर तिने बाहेरच्या बाकावर पंधरा-वीस मिनिटे बसावयास सांगितले. कोणाला भोवळ येते, आणि क्वचित कोणाला अंगावर गांधी उठून श्वास कोंडतो, तसे झाल्यास औषध येथेच आहे, असे कारणही सांगितले. सायंकाळी वरच्या फळीवरचे एक पुस्तक काढावयास डावा हात उचलला तेव्हा दंडाने आपले अस्तित्व जाणवून दिले. सकाळी अंग थोडे कसकसत होते, चहा नको वाटत होता. सौभाग्यवतींनी आपला अभिप्राय नोंदविला: “पैसे देऊन दुखणं विकत आणलंत!” पण परिचारिकेने हे सगळे आदल्याच दिवशी सांगून ठेवलेले असल्यामुळे मला त्यात घाबरण्यासारखे काही वाटले नाही, आणि दुसरा दिवस मावळेपर्यंत ते ओसरले.

आता या कसकशीचा धनी लस होती की मी, हे सांगणे वाटते तितके सोपे नाही. अमेरिकेतील मिनेसोटा संस्थानात काही संशोधकांनी आठशेंहून अधिक धडधाकट नोकरदार माणसे घेतली, निम्म्यांना इन्फ्लुएन्झाची लस टोचली, निम्म्यांना केवळ मिठाचे पाणी, आणि कोणाला काय मिळाले हे कोणालाच कळू दिले नाही; १९९६ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हात दुखल्याची तक्रार लसवाल्यांत शेकडा ६३.८ जणांची, पाणीवाल्यांत शेकडा २४.१ जणांची. म्हणजे दंडाचे दुखणे खरे, आणि ते लशीचेच. परंतु ताप पाहावा तर लसवाल्यांत शेकडा ६.२ आणि पाणीवाल्यांत ६.१, थकवा अनुक्रमे १८.९ आणि १९.४; डोकेदुखी तर पाणी टोचलेल्यांतच अधिक! माणूस टोचून घेऊन आला की आपल्या अंगाकडे लक्ष देऊ लागतो, आणि एरवी ज्या जडपणाकडे त्याने ढुंकूनही पाहिले नसते तो लशीच्या नावे लिहिला जातो. याचा अर्थ कोणाला लशीने ताप येतच नाही असा नव्हे, मुलांना आणि काही मोठ्यांनाही तो येतो, एकदोन दिवसांत उतरतो. अर्थ इतकाच की प्रत्येक कणकणीची रुजवात घातल्याशिवाय ती लशीच्या खात्यावर टाकू नये.

“लस घेतली आणि त्यानेच फ्लू झाला” ही तक्रार मात्र निखालस चुकीची आहे, कारण दंडात टोचल्या जाणाऱ्या लशीत विषाणू मारलेला आणि त्याचे तुकडे केलेले असतात. ते कोणाला आजारी पाडू शकत नाहीत. अशी तक्रार करणारा माणूस खोटे बोलतो असेही नाही. लशीचे संरक्षण उभे राहावयास सुमारे दोन आठवडे लागतात, त्या अवधीत रोग गाठू शकतो. आणि ज्या ऋतूत लोक लस घेतात त्याच ऋतूत पडशाचे दुसरे कित्येक विषाणू गावात फिरत असतात, ज्यांच्याशी या लशीचा काही करारच नसतो.

राहता राहिले विरळ पण गंभीर उपद्रव. टोचल्यावर लगेच उद्भवणारी तीव्र ॲलर्जी दहा लाख मात्रांमागे साधारण एकाला होते. बाकावर बसावयास लावतात ते त्यासाठी. दुसरा उपद्रव गिलाँ-बारे नावाच्या मज्जातंतूंच्या विकाराचा, ज्यात पायांतील बळ जाऊन दुर्बलता वर चढत जाते. त्याची कथा विस्ताराने सांगण्याजोगी आहे. १९७६ च्या प्रारंभी न्यू जर्सीतील फोर्ट डिक्स छावणीत एक सैनिक स्वाइन फ्लूने दगावला, १९१८ परत येणार अशी धास्ती पडली, आणि अमेरिकन सरकारने अवघ्या राष्ट्रास लस टोचण्याची मोहीम ऑक्टोबरात सुरू केली. सुमारे साडेचार कोटी लोकांनी लस घेतली. साथ आलीच नाही. आले ते गिलाँ-बारेचे रुग्ण, दर लाखामागे सुमारे एक जादा; आणि १६ डिसेंबर रोजी मोहीम थांबविण्यात आली. त्या मोहिमेची नाचक्की झाली, लशीविरुद्ध बोलणारे आजही तिचा दाखला देतात, आणि तो द्यावा; फक्त पुढची नोंदही वाचावी. लाखात एक इतका बारीक उपद्रव काही आठवड्यांत हेरला गेला तो मोजदाद चालू होती म्हणून. आणि त्यानंतरच्या मोसमी लशींवर दशकानुदशके तीच नजर ठेवली असता, असा धोका असलाच तर दहा लाखांमागे एकदोन जादा रुग्णांचा आहे, असे दिसून आले. खुद्द इन्फ्लुएन्झा झाल्यानंतर हा विकार जडण्याचा संभव त्याहून अधिक असतो. ज्यास पूर्वी हा विकार होऊन गेला आहे, किंवा ज्यास आधीच्या फ्लूच्या लशीने तीव्र ॲलर्जी झाली आहे, त्याने आपल्या वैद्यास ते सांगितल्याशिवाय बाही वर करू नये.

आता येथील व्यवहाराच्या दोनचार गोष्टी. ही लस सरकारी सार्वत्रिक लसीकरणात नाही, ती पदरमोड करून घ्यावी लागते, आणि म्हणूनच ज्यांना तिची गरज सर्वांत अधिक, ते वृद्ध, गर्भवती, दमा व मधुमेह असलेले, हे बहुधा तिच्याविना राहतात. ही स्थिती मला न्याय्य वाटत नाही. आपल्या देशात बहुतेक ठिकाणी हा रोग पावसाळ्यात एकदा आणि थंडीच्या अखेरीस एकदा असा दोनदा उठतो, तेव्हा यांपैकी एखाद्या उठावापूर्वी महिनाभर, त्या वेळी बाजारात जी ताजी लस असेल ती वैद्याच्या सल्ल्याने घ्यावी. दंड दुखला तर तो हालता ठेवावा. ताप आला तर पाणी प्यावे व पडून राहावे. ओठ सुजले, श्वास लागला, पाय लटपटू लागले, किंवा ताप तिसऱ्या दिवशीही हटला नाही, तर लशीचा परिणाम म्हणून घरी वाट पाहत बसू नये, रुग्णालय गाठावे.

आणि लस घेतल्यावर जे काही झाले, ते लहान असो वा मोठे, ते कोठेतरी लिहिले गेले पाहिजे. औषधांच्या अनिष्ट परिणामांची नोंद ठेवण्याचा राष्ट्रीय उपक्रम २०१० साली सुरू झाला. त्याचे दप्तर गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. तेथे नोंद करण्यास डॉक्टरच लागतो असे नाही, रोगी स्वतः किंवा त्याच्या घरचे माणूसही ती करू शकते. त्यासाठी एक छापील तक्ता भरावा लागतो, आणि तो मराठीतही मिळतो.